सरला राग आला

१

उद्घाटनाचं व्याख्यान मिळालं होतं, पण ते देणारा माणूस मिळत नव्हता.

शहरातल्या सॉफ्टवेअरवाल्यांची परिषद तोंडावर आली होती. वर्षातून एकदा ही मंडळी सभागृह भाड्याने घेतात, आपण काय काय बनवलं ते एकमेकांना दाखवतात, आणि दुसऱ्याने बनवलेलं आपल्याला आधीच सुचलं होतं असं म्हणत घरी जातात. व्याख्यानं निवडायची पद्धत मात्र कडक. अर्ज वेबसाइटवर यायचे, नावं झाकलेली असायची, आणि समितीने नुसता मजकूर आणि सोबतचा प्रोग्राम पाहून गुण द्यायचे. एका वर्षी निवडलेले सगळे वक्ते समितीचेच भाचे-पुतणे निघाले होते, तेव्हापासून ही झाकाझाकी सुरू झाली.

यंदा एका अर्जाला सगळ्यांनीच हात आखडता न घेता गुण दिले. आजारात वाचा गेलेल्या माणसासाठी बनवलेला तो प्रोग्राम होता. त्या माणसाने कीबोर्डवरचं एखाददुसरं अक्षर दाबायचं, आणि त्याला काय म्हणायचंय ते ओळखून प्रोग्रामने अख्खं वाक्य पडद्यावर आणायचं. एका मोठ्या कंपनीचा माणूस खास तो पाहायला येणार होता. पसंत पडला तर प्रोग्राम कंपनीच्या कुलपात जाणार होता आणि बनवणाऱ्याचं नाव सगळीकडे होणार होतं.

"उघड बघू नाव," अध्यक्ष चिमणीला म्हणाले.

सभागृहाच्या वरच्या मजल्यावर समितीची खोली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एकमेकींत गुंतलेल्या वायरी, मागच्या वर्षीचा फलक भिंतीकडे तोंड करून उभा. चिमणी परिषदेची वेबसाइट सांभाळायची आणि एरवी एका कंपनीत प्रोग्रामर होती. बोलायला लागली की थांबायची नाही, म्हणून चिमणी. अलीकडे तिची चिवचिव बंद झाली होती, पण खोलीत शांतता असली की कामं भराभर उरकतात, म्हणून कुणी तक्रार केली नव्हती.

"रिकामं आहे," चिमणी म्हणाली.

"रिकामं म्हणजे?"

"नावाच्या जागी काही नाही."

अध्यक्षांनी स्वतः वाकून पाहिलं. खरंच काही नव्हतं. मग त्यांनीच त्या दिवशी वेबसाइटवर जाहीर निवेदन दिलं, की हे व्याख्यान ज्यांचं असेल त्यांनी कृपया भेटावं. सोबत सगळा मजकूर आणि प्रोग्रामही टाकून दिला. सापडलेल्या पाकिटाचा मालक शोधायचा आणि आत काय काय आहे तेही दारावर लिहून ठेवायचं, असला हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी मालक आले. एक नाही, दोन आले, आणि त्यातले एक अध्यक्षांचे जावई होते.

२

तपास शंकाबाईंकडे आला, कारण त्या मोकळ्या होत्या.

त्या टेस्टर. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका काढणं हे आयुष्यभराचं काम, म्हणून पाठीमागे सगळे शंकासुर म्हणायचे आणि तोंडावर शंकाबाई. कंपनीने नुकताच त्यांचा अख्खा विभाग बंद केला होता. निरोपाच्या दिवशी त्या आपलं सामान घेऊन घरी आल्या, चहा केला, प्यायल्या, कप विसळून पालथा घातला. आता रडू येईल म्हणून जरा वेळ बसून राहिल्या. आलं नाही. रागही आला नाही. तेव्हापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

"तुम्ही काय, सध्या रिकाम्याच," अध्यक्ष म्हणाले आणि जीभ चावली. "म्हणजे, तसं नव्हे हो..."

"रिकामीच आहे," शंकाबाई म्हणाल्या. बोलणं लागायला हवं होतं, ते लागलं नाही.

"उद्या दुपारी कार्यक्रमपत्रिका छापायला जाते. त्याआधी खरा मालक कोण ते सांगा. तुमचा शब्द मी खाली पडू देणार नाही."

शंकाबाईंनी आधी चिमणीच्या शेजारची खुर्ची ओढली आणि वेबसाइटवरचा अर्ज स्वतः भरला. सगळं लिहिलं, फक्त नाव सोडलं. पाठवा म्हटलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, की कृपया नाव लिहा. नावाच्या जागी नुसती मोकळी जागा सोडून पाहिली, तरी लाल. एक टिंब टाकून पाहिलं, तरी लाल.

"चांगला बनवलायस फॉर्म," त्या म्हणाल्या.

"हो," चिमणी म्हणाली.

"म्हणजे अर्ज आला तेव्हा नाव होतं. ते आत आल्यावर पुसलंय. आत कोणाला जाता येतं?"

"अध्यक्षांना. आणि मला."

"कुणी काय पुसलं याची नोंद राहते?"

"नाही राहत ताई. फुकटातली व्यवस्था आहे आपली."

चिमणीने हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की शंकाबाईंना आपलाच आवाज ऐकल्यासारखं झालं. दाराच्या काचेतून बाहेरचा जिना दिसत होता. अध्यक्ष जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळू आवाजात काहीतरी पढवत होते.

३

पहिला दावेदार माईकशेठ. शहरात कुठेही सभा असो, हा गृहस्थ बोलायला हजर. समोर श्रोते नसले तरी चालतील, पण माईक हवा.

प्रोग्रामबद्दल शंकाबाईंनी जे जे विचारलं ते त्याने धडाधड सांगितलं. त्यात नवल नव्हतं. निवेदनासोबत सगळं दिलेलंच होतं, पाठांतराला एक रात्र पुरे. मग शंकाबाईंनी प्रोग्राम सोडला आणि मजकूर घेतला. बनवणाऱ्याने कोडमध्ये जागोजाग साध्या भाषेत टिपा लिहून ठेवल्या होत्या, त्या आजारी माणसाच्या सवयींच्या. त्यातली एक त्यांनी वाचली.

"'सरला राग आला की नुसता ह दाबतो.' ही सरला कोण?"

"माझी मावशी!" माईकशेठने उसासा टाकला. "सख्खी मावशी. लहानपणी तिच्या मांडीवर वाढलो. अर्धांगवायू झाला, वाचा गेली. मला बघवेना. म्हटलं, मावशे, तुझी वाचा मी होईन..."

"मग 'दाबतो' कसं? मावशी दाबते ना?"

"टायपिंगची चूक हो ती."

"आणि 'सरला राग आला' कसं? सरलाला राग यायला हवा. मावशीला एक 'ला' कमी पडलाय."

माईकशेठने पाण्याचा ग्लास उचलला, अर्धा प्यायला आणि ठेवला. "मावशी गेली हो माझी," तो म्हणाला. "आणि तुम्ही काना-मात्रा मोजत बसलाय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मावशी खोटी होती, हे शंकाबाईंना स्वच्छ कळत होतं, पण पाणी खरं होतं. एवढ्या सहज ते येतं कसं, म्हणून त्या बघत राहिल्या. त्यांना त्याचा हेवा वाटला, किंवा हेवा वाटायला हवा असं वाटलं.

"ठीक आहे. या तुम्ही."

दारापाशी तो थांबला. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं. "मला नसेल द्यायचं तर नका देऊ. पण जावईबापूला देत असाल तर एक सांगतो. परवापर्यंत त्याला हा प्रोग्राम कशाशी खातात ते माहीत नव्हतं. सासऱ्यानेच त्याला पुढे उभा केलाय. नाव रिकामं झालं ते उगाच झालं का?"

४

जावईबापू तरुण होता, मऊ बोलायचा आणि पंखा डोक्यावर असून घामाघूम झाला होता.

"सर म्हणजे माझे कॉलेजचे प्राध्यापक," तो म्हणाला. निदान सरलाच्या खड्ड्यात तो पडला नाही. "त्यांची वाचा गेली. मी त्यांच्याकडे जायचो."

शंकाबाईंनी दुसरी टीप वाचली. "'सर, तू आधी औषध घे. मग बातम्या.' तुम्ही सरांना तू म्हणायचात?"

"आमचं... मित्रासारखं होतं."

"बरं. हे सरांच्या तोंडचं वाक्य. 'पंखा कमी कर गं.' सर तुम्हाला गं म्हणायचे?"

"तिथे नर्स असायची ना!"

उत्तर वाईट नव्हतं. शंकाबाईंनी मान डोलावली. "'हा कीबोर्ड सर आदमच्या जमान्यातला आहे, पण बदलू नये.' आता हे सर आदम कोण?"

जावईबापूच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. याची तयारी झालेली दिसत होती. "ते परदेशी शास्त्रज्ञ. जुने. कीबोर्डवर त्यांचं फार मोठं काम आहे. तिकडच्या राजाने त्यांना सर ही पदवी दिली."

"असं. आणि शेवटचं. 'जेवताना सरपुता केल्याशिवाय एक घास खात नाही.'"

"सरपुता म्हणजे," जावईबापू म्हणाला आणि छताकडे बघायला लागला, "पथ्याचा एक प्रकार असतो. मऊ. गिळायला सोपा."

तेवढ्यात दार ढकलून अध्यक्ष आत आले. "झाली ना खात्री? पोरगं प्रामाणिक आहे. घाबरतं फक्त. कुणी दरडावून विचारलं की त्याचं ततपप होतं."

जावयाला बाहेर पाठवून शंकाबाईंनी दार लावून घेतलं. "अध्यक्ष, अर्जावरचं नाव तुम्ही पुसलंत?"

अध्यक्ष लालबुंद झाले. पण शंकाबाईंनी त्यांना बोलूच दिलं नाही. "नाही पुसलंत, मला माहीत आहे. नाव पुसणाऱ्याला खरा मालक ठाऊक असतो. तो गावभर दवंडी पिटून त्याच मालकाला बोलावून घेणार नाही. तुम्ही निवेदन दिलंत ते साध्या मनाने. मालक आला नाही, तेव्हा तुम्हाला जावई आठवला."

अध्यक्ष खाली बसले. बराच वेळ त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"त्याला वर्षभर काम नाही, शंकाबाई. पोरगी फोन करते आणि बोलतच नाही, नुसती रडते. बेवारस वस्तू होती. म्हटलं, कुणाच्या पोटावर पाय येत नाही."

आत जायची वाट फक्त दोघांना मोकळी होती. त्यातले अध्यक्ष सुटले होते.

५

सभागृहाच्या मागच्या पायऱ्यांवर ऊन होतं. शंकाबाई लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथे बसल्या.

चिमणीने नाव पुसलं. पण का? तिने दावा केला नव्हता, कुणाची बाजू घेतली नव्हती, काही मागितलं नव्हतं. चोर चोरी करतो ती काहीतरी पदरात पाडून घ्यायला. इथे चोराचे हात रिकामे होते. आणि मूळचं नाव तरी कोणाचं?

वर खिडकीतून अध्यक्षांचा आवाज आला. ते फोनवर कुणालातरी जावयाचे गुण ऐकवत होते. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," शंकाबाई पुटपुटल्या. म्हण तोंडातून गेली आणि त्या तिथेच थांबल्या.

बाब्या. बाबा.

त्यांनी मजकूर उघडला. कुठल्याही लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये एक सोय असते. एक शब्द सांगायचा, त्याजागी दुसरा हवा म्हणायचं, की सगळीकडे एका दमात बदल होतो. प्रोग्रामर मंडळींना तर तिची खोडच असते. यंत्र मात्र सांगितलं तेवढंच करतं, शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो ते बघत नाही. शंकाबाईंनी उलटा बदल केला. जिथे सर, तिथे बाबा.

पडद्यावर आधी अनर्थ झाला. 'सरळ'चं 'बाबाळ' झालं, 'विसरतो'चं 'विबाबातो' झालं. शंकाबाईंनी तिकडे कानाडोळा केला आणि आपल्या टिपा शोधल्या.

'बाबाला राग आला की नुसता ह दाबतो.' सरला नावाची कुणी मावशी नव्हतीच. 'हा कीबोर्ड बाबा आदमच्या जमान्यातला आहे.' राजाने कुणाला पदवी दिली नव्हती. 'जेवताना बाबापुता केल्याशिवाय एक घास खात नाही.' पथ्याचा प्रकार कसला, हे लाडीगोडीने भरवणं होतं. 'बाबा, तू आधी औषध घे.' वडलांना तू म्हणणारी घरं खूप असतात. सरांना तू म्हणणारं कॉलेज कुठेच नसतं.

आणि शेवटचं वाक्य, पंखा कमी कर गं. ते नर्सला म्हटलेलं नव्हतं. ते लेकीला म्हटलेलं होतं.

शंकाबाईंनी लॅपटॉप मिटला. कोडं सुटलं की एरवी त्यांना बोटं मोडून कुणालातरी सांगावंसं वाटायचं. आज त्या नुसत्या उठल्या. चिमणीला वडील आहेत हे त्यांना माहीत होतं. मधे काही दिवस ती आली नव्हती, घरात काम आहे म्हणाली होती, आणि परतली ती गप्प होऊनच. काय काम, हे कुणी विचारलं नव्हतं. शंकाबाईंनीही नाही.

६

चिमणी खाली रिकाम्या सभागृहात होती. ओळखपत्रांच्या नाड्या सोडवून खुर्च्यांच्या पाठीवर टाकत होती.

शंकाबाई तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "बाबा केव्हा गेला?" त्यांनी विचारलं.

चिमणीने दोन नाड्या सोडवल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच. व्याकरणातून."

"हं." ती जराशी हसल्यासारखी झाली. "सरपुता ना? मलाही नंतर दिसलं. दुरुस्त करायचं राहिलं."

मग तिने सांगितलं. सांगताना आवाज वरही गेला नाही, खालीही नाही. अर्ज पाठवला तेव्हा बाबा होता. पाठव म्हणून त्यानेच मागे लकडा लावला होता. दोघांनी मिळून मंचावर यायचं ठरलं होतं, तिने बोलायचं आणि त्याने अक्षरं दाबून मधे मधे तिची चेष्टा करायची. अर्जांची मुदत संपायच्या आत तो गेला. दिवस उरकून ती कामावर आली. प्रोग्राममध्ये एक चूक राहिली होती, ती काढायला बसली, तर दर चार ओळींना बाबा.

"मग मी सगळीकडे सर केलं. दिवसभर ऑफिसात सर सरच करते ताई. त्या शब्दाने काही होत नाही."

"आणि नाव?"

"नाव असलं की उभं राहावं लागतं. उभं राहिलं की सांगावं लागतं. बाबा कसे आहेत, म्हणून सगळे विचारतील. मी अजून कुणालाच सांगितलं नाहीये. आपल्या समितीत नाही, ऑफिसात नाही."

"अर्ज मागे का नाही घेतलास?"

"तो पाठव म्हणाला होता."

शंकाबाईंनी एक नाडी उचलली आणि सोडवायला लागल्या. "रडलीस का गं?"

"नाही. दात काढताना इंजेक्शन देतात ना, मग गाल आपला नाहीच असं वाटतं. तसं आहे. चावला तरी कळत नाही."

शंकाबाईंना ते ठाऊक होतं. पण मलाही तसंच होतंय असं म्हणायचं त्यांच्या जिभेवर येईना. हिचा बाप गेला होता, आपली नोकरी गेली होती, तराजू कुठून आणायचा?

"तू बोलली नाहीस तर ते जावईबापूला जाईल," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबाची वाक्यं त्याच्या नावाने कंपनीत जातील. मग ती परत मिळायची नाहीत."

"जाऊ दे."

"खरंच?"

"तुम्ही कुणाला सांगू नका ताई. शपथ आहे."

शंकाबाईंनी कुणी घातलेली शपथ कधी मोडली नव्हती. आता खरा मालक ठाऊक असून तोंडाला कुलूप, आणि उद्या दुपारी पत्रिका छापायला जाणार होती.

७

दुसऱ्या दिवशी समितीच्या खोलीत सगळे जमले. चिमणी कोपऱ्यात संगणकापाशी, पत्रिका छापखान्याकडे पाठवायला तयार.

शंकाबाईंनी दोन्ही दावे एकेका वाक्यात निकालात काढले. "माईकशेठ, मजकुरातल्या शब्दांची अदलाबदल झालीय, त्यात तुमची मावशी जन्माला आली. जावईबापू, तुमचे सर आदमही त्याच दिवशी जन्मले. आणि सरपुता खाता येत नाही. ते बाबापुता आहे. लिहिणाऱ्याने बाबा काढून सर घातलंय. तुम्हा दोघांपैकी कुणी हे लिहिलं असतं, तर तुम्हाला ते माहीत असतं."

माईकशेठ मोठ्याने हसला आणि टाळ्या वाजवल्या. हरतानाही त्याला श्रोता व्हायला आवडत नव्हतं. जावईबापूने मान खाली घातली.

"मग मालक कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"मला सांगता येत नाही," शंकाबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. कोपऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "म्हणजे पुन्हा बेवारसच. उद्घाटन तर व्हायलाच हवं, कंपनीचा माणूस येतोय. असं करू. मालकी समितीची, आणि समितीतर्फे आमचे जावई फक्त सादर करतील. उभं राहून वाचायचंच तर आहे. कंपनीशी पुढचं तेच बोलतील. कुणाची हरकत?"

कुणाची हरकत नव्हती. शंकाबाईंची होती, पण शपथ होती. चिमणीने यंत्रासारखी बोटं चालवून रिकाम्या जागी जावईबापूचं नाव लिहिलं.

"वाचून दाखवा थोडं," अध्यक्ष जावयाला म्हणाले. "सराव होईल."

जावईबापू उभा राहिला. दोन ओळी त्याने नीट वाचल्या आणि अडखळला. "'सर, तू आधी औषध घे...' हे बरं नाही दिसत," तो भीत भीत म्हणाला. "आता बाबा झाले काय नि सर झाले काय, मोठ्या माणसाला एवढ्या लोकांत एकेरी कसं म्हणायचं? मी सुधारून घेतो. 'आपण आधी औषध घ्यावं. नंतर बातम्या पाहाव्यात.'"

"छान," अध्यक्ष म्हणाले. "तेवढं सगळीकडे कर. जिथे तू, तिथे आपण."

"नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. चिमणी उभी होती. आपण कधी उभ्या राहिलो हे तिलाही कळलेलं दिसत नव्हतं.

"आपण नाही म्हणायचं," ती म्हणाली. "त्याला आपण म्हटलेलं आवडत नाही. इस्पितळात सगळे आपण आपण करायचे. तो म्हणायचा, आजारी पडलो तर परका झालो का? तो तू आहे. मी त्याला तू म्हणते. तुम्ही नाही बदलायचं."

"कोणाला?" अध्यक्ष गोंधळले. "कोणाबद्दल बोलतेयस?"

चिमणीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शंकाबाई तिच्याकडे बघत होत्या आणि मनातल्या मनात म्हण, म्हण, असं तिला सांगत होत्या.

"बाबाला," ती म्हणाली. "म्हणायचे. मी तू म्हणायचे. माझा बाबा गेला."

तिने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फुटला आणि मग तिला आवरेना. ती मोठ्याने रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, तोंड न झाकता. खोलीत इतके शहाणे लोक होते, पण काय करायचं ते एकालाही सुचेना. माईकशेठलासुद्धा शब्द सापडला नाही. जावईबापूने कागद टेबलावर ठेवला आणि आपली खुर्ची तिच्या मागे सरकवली. "मला माहीत नव्हतं गं," तो म्हणाला.

शंकाबाईंनी तिला जवळ घेतलं. पोरीच्या हुंदक्यांनी त्यांचा खांदा हलत होता, आणि त्यांना दुखत होतं. खांदा नाही, आत दुखत होतं, चांगलंच. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. त्यांना वाटलं, नको, आणि लगेच वाटलं, राहू दे.

अध्यक्षांनी पडद्यावरचं जावयाचं नाव स्वतः पुसलं. त्यांना टायपिंगची सवय नव्हती, पुसायची कळ शोधून एकेक अक्षर पुसावं लागलं. मग ते कुणाकडेही न बघता खालच्या आवाजात म्हणाले, "छापखान्याला सांगतो थांबायला. नाव कसं घालायचं, पोरी?"

चिमणीने ओढणीने नाक पुसलं.

"दोघांचं," ती म्हणाली. "त्याचं आधी."